तिसऱ्या खणातलं लाल पुस्तक

आबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मी बोललेही नाही. आई होती तोवर तिच्यापाशी नाही, नंतर घरी नवऱ्यापाशीही नाही. पण आज सकाळी एक फोन आला. सुट्टीचा दिवस, पोहे टाकलेले, ते करपले. गॅस बंद केला आणि कागद घेऊन बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणजे हे पत्र तुमच्या हयातीत लिहिलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

फोन वलवणच्या बंगल्यातून होता, बाईसाहेबांच्या मुलीचा. बाईसाहेबही गेल्या, साहेब तर त्यांच्या आधीच. आता मुलीनं बंगल्याच्या दिवाणखान्यात आईच्या नावानं वाचनालय काढलंय, गावातल्या पोरांसाठी. उद्या उद्घाटन. गोड बोलते हो ती, आईसारखीच. म्हणाली, "ताई, ते लाल पुस्तक आठवणीनं आणा हं. काचेच्या पेटीत ठेवणार आहोत. खाली पाटीसुद्धा करून घेतलीय, 'बाईंनी माळ्याच्या मुलीला भेट दिलेलं पुस्तक'. आणि दोन शब्द बोला. आईनं तुम्हाला पुस्तक दिलं ती गोष्ट, तुम्ही किती छान सांगता!" मी "हो, येते" म्हणाले. फोन ठेवला. माळ्याची मुलगी म्हटल्याचा राग नाही, आबा. माळ्याचीच मुलगी आहे मी. राग पाटीवरच्या पहिल्या शब्दाचा आहे. बाईंनी!

पाऊस संपला की बंगल्यातल्या पुस्तकांना ऊन दाखवायचं काम तुमच्याकडं असायचं. लोणावळ्याच्या चार महिन्यांच्या पावसात भिंतींना ओल, सोफ्याला बुरशी, तिथं पुस्तकांची काय कथा. दसरा झाला, ऊन जरा कडक पडायला लागलं, की तुम्ही गच्ची झाडून जुन्या चादरी अंथरायचात आणि कपाटातली पुस्तकं पाटीतून वर आणायचात. इंग्रजी तर सोडाच, मराठी अक्षरही तुम्हाला येत नव्हतं, पण एक पुस्तक इकडचं तिकडं व्हायचं नाही. वरच्या खणातल्या पुस्तकांच्या रांगेपाशी एक दगड, दुसऱ्या खणाच्या रांगेपाशी दोन, तिसऱ्याच्या तीन. ज्या क्रमानं निघाली त्याच क्रमानं मांडायची, फडक्यानं पुसायची, कडुनिंबाचा पाला घालायचा, आणि ऊन उतरलं की त्याच क्रमानं परत. साहेब लोकांना हसून सांगायचे, आमच्या माळ्याला वाचता येत नाही, पण आमची लायब्ररी तोच सांभाळतो. तुम्हाला त्याचा केवढा अभिमान होता! मला तेव्हाही चीड यायची. दगड मोजून पुस्तकं सांभाळणारा माणूस म्हणजे साहेबांच्या पाहुण्यांसाठी गंमत होती, आणि तुम्ही त्या गमतीवर मान डोलवत होतात.

मी सातवीत होते. तुम्ही मला गच्चीवर राखणीला बसवलंत. वाऱ्यानं पानं फाटू नयेत, कावळ्यानं घाण करू नये म्हणून. मी तीन दगडांच्या रांगेतलं एक बारकं लाल पुस्तक उचललं आणि कावळा-वारा सगळं विसरले. प्रवासाला जाणाऱ्यांसाठीचं पुस्तक होतं ते. डावीकडं इंग्रजी शब्द आणि पुढं उभ्या रांगांमधून तोच शब्द पाच भाषांत. तुम्ही वर आलात तेव्हा एका जाड पुस्तकाची पानं वाऱ्यावर फडफडत होती. "आगं ए भवाने! डोळं कुटं गहाण टाकलंस? तुला हितं राखणीला बशिवलंय का येच्यात तोंड घालाया?" असं ओरडलात की शेजारच्या बंगल्यातला वॉचमन भिंतीवरून बघायला लागला. मी पुस्तक टाकलं नाही. छातीशी धरून रडायला लागले. तुम्ही जिन्याकडं बघितलंत, आणि हळू आवाजात म्हणालात, "ठिव तुज्यापाशी. दिवाळीत सायेब यायच्या आत दे म्हंजी झालं. पर फाडू नगंस. आन कुनाला बोलू नगंस."

हे तुमचे शब्द आहेत, आबा. एकही माझा नाही. हे पुस्तक तुमच्या हातानं माझ्याकडं आलं.

त्या पंधरा दिवसांत मी जेवताना, भांडी घासताना, शाळेत जाताना त्या रांगांमध्येच फिरत होते. एक शब्द माझ्या डोक्यात बसला. एम, ओ, एस, टी. इंग्रजी रांगेत तो होताच, शाळेत शिकवलेला, मोस्ट म्हणजे सगळ्यांत जास्त. ठीक. पण एके ठिकाणी इंग्रजी रांगेत 'पूल' होता आणि चेक भाषेच्या रांगेत त्याच्यापुढं हाच मोस्ट. पुढं 'आत्ता' आला, तर हंगेरियनच्या रांगेत पुन्हा हाच. खाण्यापिण्याच्या पानावर द्राक्षाचा ताजा रस, तर जर्मनच्या रांगेत परत तोच दत्त म्हणून उभा! मला वाटलं छापणाऱ्याची चूक आहे. मी चारही पानांत काड्या घालून तुमच्याकडं आले. तुम्ही बागेत पाण्याच्या नळीला रबर गुंडाळत होतात. मी विचारलं, "आबा, योकच शबुद, तर चार जागी चार अर्थ कसं?" तुम्ही मान वरसुद्धा केली नाहीत. म्हणालात, "त्यात काय नवाल? वलवनला मारुती हाय, लोहगडवाडीला बी मारुती नावाचा गडी हाय, नवलाख उंबऱ्याला माज्या मावशीचा दीर मारुतीच. नाव योक म्हनून काय भाऊबंद झालं व्हय? ज्याचं त्याचं घर येगळं, बाप येगळा. कुटनं आला ती इचार."

पुढं मी पुण्यात जर्मन शिकायला गेले. तिथल्या बाईंनी एकदा फळ्यावर हेच समजावून सांगितलं, सारख्या दिसणाऱ्या शब्दांना नातेवाईक समजू नका, आधी मूळ तपासा. सगळी मुलं वहीत लिहून घेत होती आणि मी पेन हातात धरून बसले होते, कारण नळीला रबर गुंडाळत हे मला आधीच कुणीतरी सांगितलेलं होतं. नंतर मी हट्टानं चौघांचीही घरं शोधली. इंग्रजीतला मोस्ट हा 'मोअर'चा, म्हणजे 'अधिक'वाल्या शब्दाचा सख्खा, जुन्या जर्मनिक घराण्यातला. जर्मन माणसाचा रस मात्र परका, तो द्राक्षांच्या वेलाबरोबर लॅटिनमधून आला, नव्या दारूच्या नावावरून. चेकांचा पूल स्लाव लोकांचा घरचा, पोलंडपासून रशियापर्यंत तोच चालतो, आणि त्याचा बाप कोण यावर पंडित अजून भांडतात. हंगेरियन तर त्या कुळातलीच भाषा नाही. तिचा 'आत्ता' बहुधा तिच्याच 'आज'च्या पोटातून निघालेला. ज्याचं त्याचं घर वेगळं, बाप वेगळा. तुम्ही बरोबर होतात. याचाही मला राग येतो, कारण इतकं शहाणं बोलणारा माणूस आठच दिवसांनी कसा वागला ते मी पाहिलंय.

दिवाळीला साहेब-बाईसाहेब आले, बरोबर पाहुणे. तुम्ही माझ्याकडं पुस्तक परत मागायचं विसरलात, मी द्यायचं विसरले. कपाटातली फट दिसू नये म्हणून तुम्ही तिसऱ्या खणातली पुस्तकं जरा सैल करून ठेवली होतीत आणि ती सरकवताना एक जाडजूड पुस्तक उलटं लागलं होतं. डोकं खाली, पाय वर. तुम्हाला ते दिसणार कसं? तुमच्या लेखी दोन्ही बाजू सारख्याच. बाईसाहेबांच्या पाहुणीला दिसलं. ती हसली. बाईसाहेब पुस्तक सरळ करायला उठल्या आणि त्यांच्या लक्षात आलं. "अगं बाई, आमचं लाल पुस्तक कुठंय? पहिल्यांदा युरोपला गेलो तेव्हाचं ते."

मी चहाच्या कपांचा ट्रे न्यायला दारात उभी होते. आणि मी काय केलं माहितीये ना तुम्हाला? धावत गेले. मागच्या आपल्या खोलीतून पुस्तक घेऊन धावत आले आणि आनंदानं पुढं केलं. "ह्ये घ्या, माज्यापाशी हाय!" मला वाटलं, शाबासकी मिळेल. एक पान फाटलेलं नव्हतं.  साहेबांनी विचारलं, "तू घेतलंस?" मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही कोपऱ्यात, हातात मळकं फडकं. मला वाटलं आता बोलाल. नुसतं "म्या दिलं" एवढं. दोन शब्द, आबा. पुढं जे व्हायचं ते झालं असतं.

तुम्ही म्हणालात, "न इचारता नेलं आसंल सायेब. ल्हान हाय, अक्कल न्हाई." आणि पुढं येऊन माझ्या कानशिलात लगावलीत. सगळ्यांसमोर. तोवर तुम्ही मला कधी बोटही लावलं नव्हतं. ओरडायचात, पण मारलं कधीच नव्हतं. आणि मारलंत ते न केलेल्या चोरीसाठी, जी खरं म्हटलं तर तुमची होती! बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, मारू नका. पोर आहे. वाचायची आवड दिसते. ठेव हो तुला ते. पण पुन्हा न विचारता हात लावायचा नाही, कळलं?" आणि तुम्ही माझी मान धरून खाली दाबलीत. "पाया पड बाईंच्या." मी पडले. चोर ठरवलं म्हणून पाया पडले. माझा गाल जळत होता आणि बाईंच्या पायांना कसल्यातरी पावडरीचा वास येत होता, तो वास मला अजून सहन होत नाही.

त्या दिवशी चुलीपाशी आई मला भाकरी वाढताना हळूच म्हणाली, "बापाला बोल लावू नगंस. ह्याच छपराखाली ऱ्हायचंय आपल्याला." मला कळत होतं. तेव्हाही कळत होतं आणि आता तर पुरतंच कळतं. खोली बंगल्याची, काम बंगल्याचं, उद्या निघा म्हटलं असतं तर दोन पोरं आणि भांडीकुंडी घेऊन कुठं जाणार होतात? कळतं सगळं. पण कळलं म्हणून राग जातो, हे कुणी सांगितलं? साहेब मला लहान म्हणून सोडून देतील, तुम्हाला सोडणार नाहीत, असा हिशेब तुम्ही एका क्षणात मांडलात आणि मला पुढं ढकललंत. हिशेब बरोबर निघाला. माझं काय झालं ते त्यात धरलंच नव्हतं. पुढं दोन वर्षं बंगल्यात काही सापडेनासं झालं, चमचा म्हणा, टॉर्च म्हणा, की स्वयंपाकीण आधी माझ्याकडं बघायची. तुम्ही ते बघायचात आणि झाडांना पाणी घालत राहायचात. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही विचारलंत की "व्हय" नाहीतर "न्हाई". लोहगडवाडीच्या आत्याकडून करवंदं आणलीत, पानाच्या द्रोणात माझ्यापुढं ठेवलीत, मी द्रोण भावाकडं सरकवला.

आणि आता उद्या त्या पुस्तकाला काचेची पेटी!

मी आता नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात आहे, परदेशातल्या कारखान्यांशी बोलणी करायचं काम माझ्याकडं. जर्मन मला येतं, बाकी भाषांतलं चार शब्दांपुरतं. स्क्रीनवर चेक माणूस पुलासारख्या क्रेनबद्दल बोलताना मोस्ट म्हणतो, हंगेरीतली बाई टेबलावर बोट आपटून "मोस्ट, मोस्ट" करते म्हणजे तिला आत्ताच्या आत्ता उत्तर हवं असतं, आणि त्यांचं इंग्रजी मोस्ट वेगळंच. आमची पोरं गोंधळतात, मला विचारतात, मॅडम तुम्ही हे कुठं शिकलात. मग मी गोष्ट सांगते. मुलाखतीत सांगितली, नवीन मुलींच्या बॅचला सांगितली, गेल्या वर्षी शाळेत बोलावलं तेव्हा सांगितली, तिचाच व्हिडिओ बाईंच्या मुलीनं पाहिला. "आमच्या बंगल्याच्या बाईसाहेबांनी मला लहानपणी एक पुस्तक भेट दिलं." टाळ्या पडतात. कानशिलात नाही, चोरी नाही, उलटं पुस्तक नाही, आणि तुम्ही तर नाहीतच. शब्द कुठून आला हे शोधत मी अर्धं आयुष्य घालवलं, आणि ते पुस्तक कुठून आलं याबद्दल मात्र भर सभेत सरळ खोटं बोलत आले. तुम्ही बोलला नाहीत ना, मग मी का बोलू? एवढं साधं होतं ते. तुम्ही मला दिलं नाही म्हणालात, बरं, मग नाही दिलंत. जन्मभर नाही दिलंत.

उद्या खरं सांगायचं म्हटलं तरी पंचाईतच आहे. पुस्तक आबांनी दिलं म्हणावं, तर पुढच्याच वाक्यात तुम्ही मालकाची वस्तू परस्पर दिलीत आणि पोरीवर ढकललंत हे येतं. लोक चुकचुकतील. मुलीचा चेहरा उतरेल, पाटीचं काय करायचं ते तिला सुचणार नाही. न सांगावं, तर त्या दिवाणखान्यात, जिथं तुम्ही मला मारलंत, तिथंच पुन्हा एकदा सगळ्यांसमोर तुमचं पुस्तक बाईंचं होईल, आणि या खेपेला "आबांनी दिलं नाही" म्हणणारी मी असेन. सकाळपासून कपाटातून पुस्तक काढून मांडीवर घेऊन बसलेय. कडा झिजल्यात, लाल रंग उडून विटकरी झालाय. पहिलं पान उघडलं आणि मग मात्र रागाला जागा कमी पडायला लागली. ते आता लिहिते, कारण हे कुणालाच माहीत नाही.

त्या दिवाळीनंतर महिनाभरानं मी ओट्यावर बसून पहिल्या पानावर पेननं लिहीत होते. शाळेत बक्षिसाच्या पुस्तकावर लिहितात तसं. तुम्ही कामावरून आलात, पाय धुतलेत, आणि माझ्यापासून हातभर लांब बसलात.  मग विचारलंत, "काय लिवलंस?" मी लिहिलं होतं, 'बाईसाहेबांकडून भेट'. मुद्दाम लिहिलं होतं, तुम्हाला झोंबावं म्हणून. पण तुम्ही विचारल्यावर वाचून दाखवायची हिंमत झाली नाही, की त्याहून वाईट काही करावंसं वाटलं, मला आजही नक्की सांगता येत नाही. मी म्हणाले, "तुमचं नाव लिवलंय. तुमी दिलं म्हनून."

 ओलं बोट धोतराला पुसलंत आणि त्या ओळीवरून फिरवलंत, डावीकडून उजवीकडं, सावकाश. मग पुन्हा एकदा. "आसं दिसतं व्हय," एवढंच म्हणालात. तुमच्या दहाव्याला आई मला म्हणाली की तुम्ही आजूबाजूच्या बंगल्यांतल्या माळ्यांना सांगत असायचात, पोरीनं माफ केलं मला, पुस्तकावर माजं नाव घातलंय. आईलाही तसंच वाटत होतं. मी मान हलवली.

आबा, तिथं तुमचं नाव नव्हतं.

आत्ता त्या ओळीवर आडवी रेघ मारलीय आणि खाली तुमचं नाव लिहिलंय, आज्याच्या नावासकट, आडनावासकट. पुढं 'यांनी दिलं' एवढंच. पेटीत हेच पान उघडं ठेवा असं सांगणार आहे. उद्या तिथं उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेल की नाही, माहीत नाही. राग आहे तो आहेच, तो काही या ओळीनं फिटला नाही. हा कागद मात्र घरीच राहील. तुम्ही विचारलं होतंत, काय लिवलंस. पस्तीस वर्षं उशीर झाला, पण आता लिवलंय.